दोरीची जाडी आणि गाडीची धाव

शेजारची सातवीतली मुलगी परवा प्रकल्पाची वही दाखवायला आली. चार गोल वस्तू घ्यायच्या, दोरीने परीघ मोजायचा, पट्टीने व्यास मोजायचा आणि परिघाला व्यासाने भागायचं, असा प्रकल्प. वहीत चारही वस्तूंपुढे ३.१४ लिहिलेलं होतं. पान उजेडात धरलं तर खोडलेले आकडे दिसत होते. औषधाच्या बाटलीचं झाकण ३.३६, हळदीची बरणी ३.२३, लाडवांचा डबा ३.१९, पिठाची चाळणी ३.१६.

“काका, शाळेत सांगितलं की उत्तर ३.१४ यायलाच हवं,” ती म्हणाली. मला फार वाईट वाटलं, कारण खोडलेले आकडे अचूक होते. तिने अगदी काळजीपूर्वक मोजलं होतं.

सगळे आकडे ३.१४ पेक्षा जास्तच का आले? दोरी थोडी तिरकी बसली असेल, असं पहिल्यांदा मनात येतं. पण दोरी पाच अंशांनी कलली तरी लांबीत अर्धा टक्कासुद्धा फरक पडत नाही. शिवाय वस्तू लहान तितका आकडा मोठा, हा क्रम तिरकेपणातून येत नाही. खरं कारण दोरीची जाडी.

दोरी वस्तूला गुंडाळली की तिची आतली बाजू दाबली जाते आणि बाहेरची ताणली जाते. बरोबर मध्यातून जाणारा धागा मात्र दबतही नाही, ताणलाही जात नाही. दोरी सोडवून पट्टीवर सरळ ठेवली की आपण मोजतो ती या मधल्या धाग्याची लांबी. हा धागा वस्तूच्या पृष्ठभागावर नसतो, दोन्हीकडे दोरीच्या अर्ध्या जाडीइतका बाहेर असतो. म्हणजे त्याच्या वर्तुळाचा व्यास वस्तूच्या व्यासापेक्षा दोरीच्या पूर्ण जाडीने मोठा. मोजलेली लांबी = π × (व्यास + जाडी). कंस सोडवला की जास्तीचा भाग उरतो π × जाडी. त्यात वस्तूचा व्यास कुठेच नाही!

हे मला अजूनही विलक्षण वाटतं. १ मिलिमीटर जाडीच्या दोरीने बाटलीचं झाकण मोजा, माप ३.१४ मिलिमीटर जास्त येईल. पाण्याची टाकी मोजा, तितकंच जास्त येईल. पृथ्वी गुळगुळीत गोल मानून विषुववृत्तावरून ४०,००० किलोमीटरचा वेढा घाला, तिथेही जास्तीचे ३.१४ मिलिमीटरच. चूक तेवढीच राहते, पण झाकणाला ती जड जाते आणि चाळणीला जाणवत नाही. म्हणून चाळणीचा आकडा ३.१४ च्या जवळ आला.

लाकडी बैलगाडीला धाव बसवताना हे गणित लोखंडात उतरतं. धाव म्हणजे चाकावरची लोखंडी पट्टी. चाकाचा व्यास १.४ मीटर धरू. चाकावर खडूची खूण करून ते जमिनीवर एक पूर्ण फेरा फिरवलं की परीघ मिळतो, सुमारे ४.४० मीटर. पण १२ मिलिमीटर जाडीची ४.४० मीटर पट्टी वाकवली तर कडं चाकापेक्षा लहान होतं, कारण इथेही लांबी टिकते ती मधल्या थराची. लोहारकामातला हिशोब असा की जाडीच्या तिप्पट लोखंड वाढवून घ्यायचं, म्हणजे ३६ मिलिमीटर. आपलं सूत्र ३७.७ सांगतं. टोकं सांधायला लागणारं लोखंड वेगळं.

त्यातून पुन्हा थोडं कमी करायचं, कारण कडं मुद्दाम किंचित लहान हवं असतं. लोखंड दर अंश सेल्सिअसला आपल्या लांबीच्या दहा लाखांत सुमारे १२ भाग वाढतं. ते ५०० अंशांनी तापलं की ४.४ मीटरचं कडं सुमारे २६ मिलिमीटर वाढतं. ही वाढ घेरातली. व्यासात ती जेमतेम ८ मिलिमीटर. समजा, कड्याचा आतला घेर चाकापेक्षा १५ मिलिमीटर कमी ठेवला, तर तापल्यावर व्यासात साडेतीन मिलिमीटर मोकळी जागा मिळते. तेवढ्यात कडं चाकावर चढवायचं आणि लाकूड पेटायच्या आत पाणी ओतायचं. लोखंड आवळतं आणि सगळे आरे आपापल्या खाचांत घट्ट बसतात.

या कामाला २२/७ पुरतं का? १.४ मीटरच्या चाकाला त्याने १.८ मिलिमीटरची चूक होते. जाडी विसरलात तर जवळजवळ ३८ मिलिमीटरची. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त दोन्ही किमती दिल्या आहेत. ३९२७/१२५० ला ते सूक्ष्म म्हणतात, २२/७ ला स्थूल, पण ‘व्यवहारयोग्य’. त्याआधी, इ.स. ४९९ च्या सुमारास, आर्यभटांनी २०,००० व्यासाला ६२,८३२ परीघ सांगितला आणि सोबत ‘आसन्न’, म्हणजे जवळपासचा, हा शब्द जोडला. तरीही २२/७ म्हणजेच π असं मानणारे पदवीधर मला भेटतात. वेदांत π ची किंमत ३२ अंकांपर्यंत आहे असा एक संदेश श्लोकासकट व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतो. तो श्लोक कोणत्याही वेदसंहितेत नाही, विसाव्या शतकातल्या एका पुस्तकातून तो पसरला. आर्यभटांच्या ‘आसन्न’ या शब्दात जो प्रामाणिकपणा आहे तो सोडून आपण असल्या गोष्टी पुढे ढकलतो, याचा मला राग येतो.

कारखान्यात व्यास मोजायची एक पातळ पोलादी फीत असते. ती घेराला गुंडाळायची आणि वाचायचा थेट व्यास, कारण तिच्यावर दर ३.१४१६ मिलिमीटरला १ मिलिमीटर लिहिलेला असतो. त्या फितीची आखणी करताना तिची स्वतःची जाडीही हिशोबात धरावी लागते.

त्या मुलीला मी आलेखाचा कागद दिला. आडव्या अक्षावर व्यास २८, ७०, १२०, ३००; उभ्यावर परीघ ९४, २२६, ३८३, ९४९, सगळं मिलिमीटरमध्ये. चारही बिंदू एका सरळ रेषेत आले. रेषेचा चढ काढला, (९४९ − ९४) ÷ (३०० − २८), तो निघाला ३.१४. पण रेषा शून्यातून गेली नाही, उभ्या अक्षाला ती ६ च्या आसपास भेटली. “हे ६ कुठून आले?” तिने विचारलं. ६ ला ३.१४ ने भागायला सांगितलं, जवळजवळ २ आले. मग तीच दोरी आम्ही पेन्सिलीवर शेजारी शेजारी दहा वेढे गुंडाळली आणि वेढ्यांची एकूण रुंदी पट्टीवर मोजली. ती १९ मिलिमीटर भरली.