पुळणीवरचा तांबडा ठिपका

मे महिन्यात भाचा आचऱ्याला आला तो आंब्यांसाठी. पण या वेळी त्याच्या सामानात एक लांबोळकी पिशवी होती आणि पिशवीत गोल्फची काठी. हापिसातल्या लोकांबरोबर शनिवारी खेळायला जावं लागतं म्हणे, आणि याचा चेंडू दर वेळी उजवीकडे झाडीत जातो. आमच्याकडे टेनिसबॉल क्रिकेटच्या स्पर्धा रात्र रात्र चालतात, गोल्फचं नाव मात्र कोणी काढत नाही. काठी बघून शेजारच्या काकूंनी "आंबे काढायला का?" असं विचारलं, त्यात त्यांची काही चूक नव्हती. खरं तर हा खेळ वाढला तोच समुद्रकाठच्या वाळूवर. स्कॉटलंडमध्ये किनारा आणि शेतं यांच्यामध्ये वाळूच्या टेकाडांची, खुरट्या गवताची पट्टी असते, तिला तिथे ‘लिंक्स’ म्हणतात. जुनी गोल्फ मैदानं या लिंक्सवरचीच. तेव्हा आम्ही सरळ पुळणीवर गेलो.

त्याच पिशवीत करंगळीएवढी एक नळी होती. "मामा, हे बघ," म्हणत त्याने ती काठीच्या मुठीच्या टोकात खोचली आणि बटण दाबलं. तांबडा ठिपका वाळूवर पडला. अशीच दुसरी नळी दांड्याच्या खालच्या अंगाला, उलट तोंड करून बांधायची. म्हणजे काठीच्या दोन्ही टोकांतून, काठीच्याच रेषेत, प्रकाश बाहेर पडतो. चेंडूवरून निशाणाच्या दिशेने जमिनीवर एक दोरी ताणायची, काठी हळूहळू मागे न्यायची आणि ठिपका कुठे पडतो ते बघायचं. ठिपका दोरीवर पडत राहिला तर काठी बरोबर वाटेने चालली आहे. पायांच्या बाजूला पडला तर काठी फार उभी झाली, दोरीच्या पलीकडे पडला तर फार आडवी.

यामागची भूमिती साधी आहे. चेंडूवरून जाणारी निशाणाची रेषा घ्या आणि त्या रेषेवर एक मोठी काच तिरकी टेकवून तिची वरची कड आपल्या खांद्यांवर ठेवली आहे असं समजा. काचेची ही उपमा बेन होगन या अमेरिकन खेळाडूने १९५७ साली दिली आणि ती अजून चालते. काठी त्या काचेला धरून फिरली, की तिची सरळ वाढवलेली रेषा काचेची खालची कड जिथे जमिनीला टेकते तिथेच कुठे तरी जमिनीला भेटणार. हात खाली असतात तेव्हा मुठीचं टोक आभाळाकडे असतं, म्हणून खालची नळी लागते. काठी कमरेच्या वर गेली की मुठीचं टोक जमिनीकडे वळतं आणि वरची नळी कामाला येते. मध्ये एक क्षण काठी जमिनीला समांतर असते. तेव्हा दोन्ही ठिपके जमिनीवर कुठेच नसतात, एक सुरूच्या झाडांत आणि दुसरा पार आचऱ्याच्या खाडीकडे. त्या क्षणी समोर कोणी उभं राहू नये. लेसर कमी ताकदीचा असला, तरी मुद्दाम डोळा लावून बघण्याची वस्तू ती नव्हे.

पण अंश मोजायला प्रकाशच कशाला हवा? भाच्याने काठी हळू फिरवली तेव्हा मला त्याची चूक उघड्या डोळ्यांनी दिसेना आणि त्याला तर मुळीच नाही. आपलं मनगट तीन अंश कललं आहे की पाच, हे आतून कळत नाही. स्नायू आणि सांध्यांमधून मेंदूला हातापायांच्या ठावठिकाण्याची खबर मिळत असते, पण ती ढोबळ. डोळ्याला दोरीपासून चार बोटं सरकलेला ठिपका मात्र लगेच खुपतो. नळी एवढंच करते, आतला न कळणारा कोन जमिनीवरच्या अंतरात बदलून देते. गवंडी ओळंबा लावतो तेव्हाही हेच होतं. भिंत कलली आहे का हे भिंतीकडे बघून सांगता येत नाही, दोरी आणि भिंत यांच्यातल्या फटीकडे बघून सांगता येतं.

आता खरी अडचण. पूर्ण जोराचा स्विंग, म्हणजे काठी मागे नेऊन टोला मारण्याची अख्खी हालचाल, घेतला, तर काठी वर नेऊन ठेवण्यापर्यंत साधारण पाऊण सेकंद जातो आणि खाली चेंडूपर्यंत यायला पाव सेकंद. डोळ्याने पाहिलेल्या गोष्टीला हाताने उत्तर द्यायला माणसाला जवळजवळ पाचवा हिस्सा सेकंद लागतो. म्हणजे खाली येताना ठिपका दोरीवरून सुटलेला दिसला, तरी तो दिसून हात सावरेपर्यंत चेंडू गेलेला असतो. आणि चेंडू काठीला चिकटून किती वेळ राहतो? सुमारे अर्धा मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा दोन हजारावा भाग. काठीचं तोंड, म्हणजे चेंडूला लागणारा चपटा भाग, ताशी १६० किलोमीटरने येत असेल तर तेवढ्यात ते दोन-सव्वादोन सेंटिमीटर सरकतं. ४६ ग्रॅमच्या चेंडूचं सगळं भवितव्य तेवढ्या अंतरात ठरतं. वेगात ठिपका दिसतही नाही, त्याची नुसती तांबडी रेघ होते. तेव्हा ही नळी चालत्या स्विंगची चूक सुधारू शकत नाही. ती उपयोगी पडते ती सावकाश केलेल्या तालमीत. पूर्ण वेगाचा स्विंग बघायचाच असेल तर फोनचा संथ चित्रणाचा कॅमेरा बरा. सेकंदाला २४० चित्रं घेतली तर खाली येण्याच्या पाव सेकंदाची साठ चित्रं हाताशी येतात.

संध्याकाळी सहाला गेलो तेव्हा ठिपका दिसेचना. भाच्याला वाटलं सेल गेले. सेल ठीक होते, सूर्य आडवा आला होता. भर उन्हात जमिनीच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरवर सुमारे एक मिलिवॉट सूर्यप्रकाश पडतो. असल्या नळीचा लेसर साधारण एक मिलिवॉटचा, आणि तोही अनेक चौरस मिलिमीटरांवर पसरलेला. दुपारी तो हरणारच. त्यात त्याचा रंग तांबडा, ६५० नॅनोमीटरच्या आसपासचा. उजेडात आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या पोपटी रंगाला सर्वात जास्त प्रतिसाद देतो. तितक्याच ताकदीचा ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेसर तांबड्याच्या सातआठ पट तेजस्वी वाटतो. सात वाजता सूर्य समुद्रात गेला आणि ठिपका उमटला.

तरी एक गंमत राहिलीच. कोरड्या वाळूवर ठिपका ठसठशीत दिसे. पाण्याच्या कडेला, जिथे पाय रोवून उभं राहायला घट्ट जमीन मिळते, तिथे तो मलूल. ओली वाळू काळपट का दिसते, त्याचंच हे उत्तर. कोरड्या वाळूत कण आणि हवा यांच्या अपवर्तनांकात मोठा फरक असतो, म्हणून प्रकाश कणाकणावर जोरात विखुरतो आणि बराचसा परत डोळ्याकडे येतो. फटीत पाणी भरलं की तो फरक कमी होतो, प्रकाश फारसा न वळता खोल शिरतो आणि आतच मुरतो. वर पाण्याचा पापुद्रा असेल तर उरलेला आरशासारखा भलतीकडे फेकला जातो. शेवटी आम्ही भरतीच्या खुणेच्या वर दोरी ताणली.

मग भाच्याने हळूहळू काठी मागे नेली. ठिपका दोरीच्या अलीकडे, पायांच्या बाजूला, बरोबर चार बोटं. परत नेली, परत चार बोटं. "काठी उभी जाते आहे रे," मी म्हटलं. निदान झालं. पुढचा आठवडाभर रोज संध्याकाळी शंभर वेळा तो काठी थोडी आडवी करून ठिपका दोरीवर आणत होता, आणि मी मास्तरकीच्या सवयीने मोजत होतो.

शिकण्याच्या शास्त्रात या ठिपक्याच्या बाजूने आणि विरुद्ध, दोन्हीकडून बोलण्यासारखं आहे. गॅब्रिएले वुल्फ आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली गोल्फच्या नवशिक्यांवर प्रयोग केला. काहींना हातांच्या हालचालीकडे लक्ष द्यायला सांगितलं, काहींना काठीच्या. काठीकडे लक्ष देणाऱ्यांचे चेंडू निशाणाच्या जास्त जवळ पडले आणि दुसऱ्या दिवशीही तो फरक टिकला. स्वतःच्या कोपर-मनगटाचा विचार करत बसलं की सरावाची हालचालही अडखळते. जिना उतरताना कुठला पाय पुढे टाकतो आहोत याचा विचार करून बघा. ठिपका लक्ष शरीराबाहेर नेतो, ही त्याची जमेची बाजू.

दुसरी बाजू १९८४ सालची. सालमोनी, श्मिट आणि वॉल्टर यांनी तोवरचे बरेच प्रयोग तपासून मांडलं, की प्रत्येक प्रयत्नाला लगेच निकाल सांगत राहिलं तर सरावात माणूस झपाट्याने सुधारतो, पण निकाल सांगणं थांबवलं की बरंचसं कमावलेलं गळून पडतं. मेंदू आतल्या खुणा ओळखायला शिकतच नाही, बाहेरच्या खुणेवर रेलतो. सायकलला मागून धरणारा हात फार दिवस राहिला तर तोल कधी येणार? म्हणून नळी दोन-तीनदा लावावी, मग दोन-तीनदा बंद ठेवून ‘आत्ता ठिपका कुठे असता?’ याचा अंदाज बांधावा, मग लावून ताडून बघावं. मी भाच्याला हे सांगितलं. तो हो म्हणाला आणि नळी लावूनच ठेवली. स्पर्धेत ती लावता येत नाही, गोल्फचे नियम खेळताना असल्या साधनांना मनाई करतात.

आणखी एक. चेंडू मुळात कुठल्या दिशेने निघतो हे बहुतांशी टोल्याच्या क्षणी काठीचं तोंड कुठे वळलं होतं त्यावर ठरतं, काठीच्या वाटेचा वाटा कमी. दांड्याच्या रेषेतून निघणारा ठिपका तोंडाबद्दल काहीच सांगत नाही. काठी स्वतःभोवती फिरवा, ठिपका जागचा हलत नाही, निदान हलू नये. आणि काचेची ती उपमाही सगळ्यांना बसत नाही. जिम फ्युरिक या अमेरिकन खेळाडूची काठी वर जाताना एका वाटेने जाते आणि खाली येताना वेटोळं घेऊन भलत्याच वाटेने येते, तरी तो २००३ साली यू. एस. ओपन जिंकला आणि २०१६ साली त्याने अवघ्या ५८ फटक्यांत फेरी पूर्ण केली (या खेळात फटके जितके कमी तितकं चांगलं). त्याच्या दोरीवर ठिपका शोधायला गेलात तर रात्र होईल.

प्रकाशाचा सर्वात बिनतक्रार उपयोग आम्हाला घरच्या खळ्यात सापडला. सारवलेलं खळं म्हणजे चेंडू घरंगळवायला, गोल्फवाल्यांच्या भाषेत ‘पट’ करायला, झकास जमीन. कडेला करवंटी पुरली. गोल्फचा गल, म्हणजे चेंडू पाडायचा खळगा, १०८ मिलिमीटर व्यासाचा असतो, मोठ्या नारळाची करवंटी जवळपास तेवढीच. तीन मीटरवरून चेंडूचा मध्य गलाच्या कडांच्या आत राहायचा तर दोन्हीकडे एक-एक अंश सूट मिळते. मेस्त्रींकडे लाद्या बसवायचा लेसर होता, ठिपक्याऐवजी रेघ पाडणारा. आत एक बारकी दंडगोल काच असते, ती ठिपका एकाच दिशेने फाकवते, एवढीच त्यातली करामत. चेंडू ते करवंटी अशी रेघ पाडली आणि काठीचं तोंड तिला काटकोनात धरलं. इथे हालचाल संथ, अंतर कमी, डोळ्याला वेळ मिळतो. आमच्या काकूंनीसुद्धा तिसऱ्या प्रयत्नात चेंडू करवंटीत घातला.

मेस्त्री आमचा जांभ्याचा गडगा बांधायला आले होते. भाच्याची शंभरी ते दोन दिवस लांबून बघत होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "गुरुजी, आधी त्या दिव्याक इचारा, तो सरळ आसा काय." त्यांचा लेसर एकदा पायाडावरून पडला होता. तेव्हापासून ते सकाळी त्याची रेघ भिंतीवर आखतात, यंत्र उलटं फिरवून पुन्हा आखतात आणि दोन्ही जुळल्या तरच कामाला लावतात. त्यांनी फळीवर दोन ठिकाणी खाचा केल्या, काठीचा दांडा खाचांत आडवा ठेवला आणि जागच्या जागी गोल फिरवला. नळी दांड्याच्या रेषेत असती तर समोरच्या भिंतीवरचा ठिपका हलला नसता. चार मीटरवरच्या भिंतीवर त्याने परातीएवढं वर्तुळ काढलं. टेप लावली, त्रिज्या २१ सेंटिमीटर. म्हणजे नळी तीन अंश वाकडी. आणि मुठीपासून दोरीपर्यंत, सुमारे १.४ मीटरवर, तीन अंशांचे होतात सात सेंटिमीटर. चार बोटं. भाचा नळी दर वेळी एकाच खुणेवर बसवत होता, त्यामुळे चूकही दर वेळी एकाच बाजूला, पायांकडे.

मेस्त्रींनी माडाचा एक हीर चिरून त्याची चपटी काडी नळीच्या एका अंगाला सारली. वर्तुळ आक्रसत रुपयाएवढं झालं. दिवेलागणीला खळ्यातच दोरी ताणली आणि भाच्याने आठवडाभर घोटलेली हालचाल सावकाश करून दाखवली. ठिपका दोरीच्या पलीकडे पडला, चार बोटं. त्याने परत केली. परत चार बोटं. त्याने माझ्याकडे बघितलं, मी मेस्त्रींकडे. ते पायरीवर बसून तंबाखू मळत होते.