भारलेलं झाड आणि गुप्ततेचा करार

१७८४ सालची गोष्ट. पॅरिसजवळ पासी इथे बेंजामिन फ्रँकलिन यांच्या बागेतलं जर्दाळूचं एक झाड ‘भारून’ ठेवलं होतं. त्याच्याजवळ गेलं की रोग्याला झटका येतो, असा मेस्मरच्या शिष्याचा दावा. मेस्मर म्हणजे अंगातल्या अदृश्य ‘चुंबकीय’ प्रवाहाने रोग बरे होतात असं सांगणारा डॉक्टर. हा दावा तपासायला बारा वर्षांच्या एका मुलाला डोळे बांधून आणलं, एकेका झाडाला मिठी मारायला लावली. चौथ्या झाडापाशी पोरगं बेशुद्ध पडलं. भारलेलं झाड तिथून बरंच लांब होतं.

तोवर मेस्मरची विद्या शंभर सोन्याच्या लुई नाण्यांना विकली जात होती, वर ‘कुणाला शिकवणार नाही’ असं लिहून घेतलं जायचं. मला झाडापेक्षा हा करार जास्त खटकतो. पद्धत कुलूपबंद असली की बाहेरच्याने ती तपासायची कशी?

दोनशे वर्षांनी तोच करार अमेरिकेत दिसतो. रॉजर कॅलहान यांच्या ‘थॉट फील्ड थेरपी’त अंगावरच्या ठरावीक जागी बोटांनी टिचक्या मारून भीती घालवतात. आवाजावरून निदान करण्याची वरची पायरी शिकायला एक लाख डॉलर मोजावे लागत, शिवाय गुप्ततेची अट. गुण आला नाही, तर रुग्णाच्या मनातच काहीतरी ‘उलटं’ झालंय म्हणायचं, तळहाताच्या कडेवर टिचक्या मारायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून! १९९९ साली अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने या प्रशिक्षणाला मानसशास्त्रज्ञांच्या पुढच्या शिक्षणाचे श्रेयांक देणं थांबवलं.

ईएमडीआर या डोळे हलवत करायच्या मानसोपचाराचं प्रकरण इतकं सरळ नाही. फ्रान्सिन शापिरो यांचा पहिला प्रयोग १९८९ सालचा, २२ जणांवरचा. रुग्णाने आघाताची आठवण मनात धरायची आणि उपचारकाची हलती बोटं डोळ्यांनी टिपत राहायचं. सुरुवातीच्या शिबिरांत इथेही ‘दुसऱ्याला शिकवणार नाही’ यावर सही घेत. पण हा उपचार चालतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली आघातोत्तर तणावासाठी त्याची शिफारस केली. वाद आहे तो डोळ्यांचा. २००१ साली ३४ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा डोळे हलवल्याने जास्तीचा फायदा दिसला नाही; २०१३ सालच्या दुसऱ्या अशाच तपासणीत तो दिसला. म्हणजे आठवणीला सुरक्षितपणे सामोरं जाणं, ही जुनीच युक्ती, किती काम करते आणि बोटं किती, हे अजून भांडणातच आहे. शिबिरात शिकवणाऱ्याने हे भांडण पहिल्याच तासाला मांडायला हवं, आणि उपचारकाने बोट उचलण्याआधी ते समोर बसलेल्या रुग्णालाही सांगायला हवं.