चुली किती वाटल्या, यावरून किती भलं झालं ते कळत नाही

कार्बन प्रकल्पांच्या, म्हणजे हवेत जाणारा कार्बन कमी करून त्याची क्रेडिट मिळवणाऱ्या प्रकल्पांच्या, अहवालांत एक समज वर्षानुवर्षे फिरतो: अमुक हजार सुधारित चुली वाटल्या, क्रेडिट मिळाली, म्हणजे लोकांचं भलं झालं. एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइडइतकी घट, एवढंच. चुलीपुढचा धूर किंवा सरपणाची पायपीट कमी झाली का, हे ती सांगत नाही. अनेक घरांत नव्या चुलीशेजारी जुनीही पेटत राहते. म्हणून कोणती चूल किती पेटते ते कळावं यासाठी तापमान नोंदवणारा सेन्सर लावतात, तोही दोन्ही चुलींवर.

दुसरी चूक म्हणजे फक्त आधी-नंतरची तुलना. समजा, सरपणाला आठवड्याला १४ तास लागत, आता ९ लागतात. पण प्रकल्प नसलेल्या तशाच गावांतही १३ चे ११ झाले असतील, तर प्रकल्पाचा वाटा ५ नव्हे, ३ तास. तेही दोन्हीकडचा कल आधीपासून सारखा असेल तरच. ही गावं सुरुवातीलाच निवडावी लागतात. नंतर शोधली की सोयीची तेवढी सापडतात! दोन्ही पाहण्या एकाच ऋतूत हव्यात, नाहीतर पावसाळ्याचा फरक प्रकल्पाच्या खात्यात जमा होतो.

नमुना, म्हणजे पाहणीला किती घरं घ्यायची? किती टक्के घरांत नवी चूल वापरतात, अशी टक्केवारी काढायची, तर ९५ टक्के विश्वासपातळी (अंदाजावर किती भरवसा) आणि ५ टक्के त्रुटीसाठी (अंदाज इकडेतिकडे किती चुकू शकतो) साध्या यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारख्या, निवडीत सुमारे ३८५ घरं. गावागावांतून गटाने निवडली तर दुप्पटही लागू शकतात, कारण एकाच गावातली घरं एकमेकांसारखी असतात. आणि प्रश्न कुटुंबप्रमुखाला नव्हे, सरपण आणणाऱ्या व्यक्तीला विचारायचे, एकांतात.