पॅच केबलमधला व्होल्टेज: सूर नेमका कुठे गळतो

मॉड्युलर सिंथेसायझर म्हणजे सुटे विभाग पॅच केबलने जोडून आवाज घडवणारं वाद्य. ते बेसूर झालं की दोष बहुधा केबलला दिला जातो. ऑडिओ सिग्नलमध्ये एक टक्का घट झाली तर कुणाच्याही कानाला पत्ता लागत नाही. तीच घट ऑसिलेटरचा (मूळ ध्वनी निर्माण करणाऱ्या विभागाचा) पिच, म्हणजे सुराची उंची, ठरवणाऱ्या कंट्रोल व्होल्टेजमध्ये झाली, तर वरच्या सप्तकांत वाद्य उघड बेसूर होतं. केबलवरच्या सगळ्या वादाचं मूळ या फरकात आहे.

रॉबर्ट मूग यांनी १९६४ पासून घडवलेल्या मॉड्युलर सिंथेसायझरांनी 'सप्तकाला एक व्होल्ट' ही रीत रुळवली: व्होल्टेज एक व्होल्टने वाढलं की सूर एक सप्तक वर. या हिशेबात एक अर्धस्वर म्हणजे ८३.३ मिलिव्होल्ट आणि एक सेंट, म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग, जेमतेम ०.८३ मिलिव्होल्ट. पाच सेंटची चूक सरावलेल्या कानाला टोचते, म्हणजे चार मिलिव्होल्टही जास्तच झाले. मूग यांनी व्होल्टेजसाठी टेलिफोन एक्सचेंजमधून आलेला पाव इंची प्लग घेतला. ऑडिओ आणि कंट्रोल दोन्ही त्याच केबलने जात. ट्रिगर, म्हणजे नोट सुरू करण्याचा इशारा, मात्र वेगळा. त्यांचा एस-ट्रिगर व्होल्टेज पाठवत नाही, तार ग्राउंडला (शून्य व्होल्टला) जोडतो. त्यासाठी दोन पात्यांचा निराळाच कनेक्टर होता, चुकून भलतीकडे घुसू नये म्हणून. अशा केबलमध्ये आतल्या आत शॉर्ट झाला की कळ सतत दाबल्यासारखी नोट अडकून बसते.

त्याच सुमारास डॉन बुकला यांनी सॅन फ्रान्सिस्को टेप म्युझिक सेंटरसाठी यंत्र बनवताना वेगळी वाट धरली. ऑडिओला शील्ड (तारेभोवती धातूचं वेष्टन) असलेली ३.५ मिमी केबल आणि कंट्रोलला एकाच तारेची, एकावर एक रचता येणारी बनाना केबल. पुढे २०० मालिकेत त्यांनी सप्तकाला १.२ व्होल्ट ठेवले, म्हणजे अर्धस्वराला नेमका ०.१. शील्ड नसलेली तार चालते, कारण आउटपुटचा रोध कमी असला की तारेत शिरलेला हम (विजेची गुणगुण) तिथेच दबतो. बनाना केबलची खरी अडचण दुसरीकडे आहे: तिच्यात ग्राउंडची वाटच नाही. दोन वेगळ्या पेट्या जोडायच्या तर त्यांच्या शून्य व्होल्टच्या टोकांमध्ये वेगळी जाड तार टाकावीच लागते, नाहीतर पिच कुठेही भरकटतो.

१९६९ च्या ईएमएस कंपनीच्या व्हीसीएस३ या सिंथेसायझरने केबलच काढून टाकल्या आणि १६ × १६ छिद्रांची पाटी दिली; छिद्रात पिन खोचली की जोडणी होते. तिच्या पिनमध्ये रेझिस्टर असतो: पांढऱ्या पिनमध्ये २.७ किलोओहमचा, ज्यात ५ टक्क्यांपर्यंत फरक चालतो; लालमध्ये तोच, पण फरक १ टक्क्यापर्यंतच. पिचसारख्या नाजूक जोडणीला लाल पिन वापरायची. सूर कोणत्या घटकाच्या अचूकतेवर अवलंबून आहे हे इतक्या उघडपणे दुसऱ्या कुणी दाखवलेलं नाही.

१९९० च्या दशकात डीटर डोप्फर यांच्या ए-१०० या मॉड्युलर सिंथेसायझरमधून युरोरॅक ही विभागांच्या आकाराची आणि जोडणीची पद्धत रुळली आणि ३.५ मिमी मोनो प्लग सर्वत्र झाला. हा प्लग घालता-काढताना टोक क्षणभर ग्राउंडला टेकू शकतं, म्हणून आउटपुटला साधारण १ किलोओहमचा रेझिस्टर असतो. आणि खरी गळती इथेच आहे. समोरचा इनपुट १०० किलोओहमचा असेल तर व्होल्टेज १ टक्क्याने घटतं, म्हणजे सप्तकामागे सुमारे १२ सेंट. एक ऑसिलेटर त्याच्या ट्रिमरवर (बारीक जुळवणीच्या स्क्रूवर) जुळवून घेता येतो. पण साध्या मल्टिपलमधून (एक सिग्नल अनेक जॅकना वाटणाऱ्या विभागातून) दुसरा ऑसिलेटर जोडला की भार ५० किलोओहम होतो, घट जवळपास २ टक्के, आणि नुकतंच जुळवलेलं ट्यूनिंग सप्तकामागे आणखी १२ सेंटने उतरतं. बिचाऱ्या केबलला उगाच बोल लागतो. इथे बफर असलेला, म्हणजे मूळ आउटपुटवर भार न टाकणारा मल्टिपल हवा.

आता केबलचा वाटा. २६ गेजच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरमागे सुमारे ०.१३ ओहम. दहा मीटर लांब तारेतही ५ व्होल्टवर ०.०७ मिलिव्होल्टच गळतात, सेंटच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. त्यामुळे सोन्याचा मुलामा किंवा 'ऑक्सिजनमुक्त' तांबं यासाठी पिचच्या नावाने पैसे मोजण्यात अर्थ नाही. शील्ड केबलची धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) मीटरमागे १०० पिकोफॅरडच्या आसपास. दहा मीटर आणि १ किलोओहम मिळून एक मायक्रोसेकंदाचा उशीर, जो गेट (नोट चालू-बंद करणारा सिग्नल) किंवा एन्व्हलपला (नोटेचा चढ-उतार घडवणाऱ्या सिग्नलला) जाणवत नाही. अपवाद एक. अचूकतेसाठी काही आउटपुटांत तो रेझिस्टर सिग्नल वाढवणाऱ्या चिपच्या, म्हणजे ऑप-अ‍ॅम्पच्या फीडबॅकच्या (आउटपुट परत तपासून दुरुस्त करणाऱ्या वाटेच्या) आत घेतात. तिथे घट होत नाही, पण भरपाईचा कपॅसिटर नीट नसेल तर लांब केबलच्या धारितेने ऑप-अ‍ॅम्प स्वतःच दोलायला लागतो आणि पिच सरकतो किंवा खरखरतो. केबलच्या सुरुवातीला १०० ओहम घातला की बहुधा शांत होतो. किंमत सप्तकामागे साधारण १.२ सेंट.

लांबीपेक्षा ग्राउंड जास्त छळतो. केबलच्या शील्डचा रोध ०.०५ ओहम आणि तिच्यातून दुसऱ्या पेटीचा १०० मिलिअँपिअर परतत असेल, तर ५ मिलिव्होल्टचा, म्हणजे ६ सेंटचा फरक पडतो. एलईडी लुकलुकले की सूर हलतो, तो यामुळे.

संशय आलाच तर मीटरने तपासा. पिच केबल दोन्ही टोकांना लावून ठेवा, इनपुटपाशी मल्टिपलच्या मोकळ्या जॅकमधून व्होल्टेज मोजा. मग कीबोर्डवर एक सप्तक वर जा. फरक १.००० ऐवजी ०.९९० आला तर आउटपुटचा रोध बघा. आकडा केबल हलवल्यावर उडत असेल तर प्लगमधलं सोल्डर किंवा जॅकची ढिली पत्ती. आणि प्लग पूर्ण आत जाऊनही काही येत नसेल, तर केबल एकाच टोकाला लागली आहे का, हे आधी बघा.