सुट्टीतल्या शृंगारकथांचा संग्रह काढताना: लेखक-ग्राहकांसाठी माहितीपत्रक

हे पत्रक संहिता पाठवण्याआधी एकदा वाचा आणि पहिलं प्रूफ हातात आल्यावर पुन्हा एकदा. निर्मितीचे दर वेगळ्या पत्रकात दिले आहेत. इथे एकाच प्रकारच्या पुस्तकाबद्दल लिहिलं आहे: परगावी, सुट्टीत दोन माणसं भेटतात, जवळ येतात आणि खोलीचं दार लागल्यावर कथा बाहेर ताटकळत उभी राहत नाही, अशा कथांचा संग्रह.

किती कथा, किती पानं

आठ कथा, प्रत्येकी साडेचार हजार शब्दांच्या आसपास, हे माप या प्रकाराला बसतं. तीन हजारांच्या आत ओळख आणि जवळीक यांच्यामध्ये श्वास घ्यायला जागा उरत नाही. सात हजारांच्या पुढे नायिकेची आई, नायकाची नोकरी आणि पुण्यातला फ्लॅट कथेत शिरतात आणि सुट्टी संपते.

हिशोब असा. आठ गुणिले साडेचार हजार म्हणजे ३६,००० शब्द. डेमी या नेहमीच्या पुस्तकी आकारात, साडेबारा पॉइंटाच्या अक्षरात पानाला साधारण २७० शब्द मावतात, म्हणजे १३३ पानं. प्रत्येक कथा उजव्या पानावर सुरू करायची तर कोरी आणि अर्धी पानं धरून आणखी आठ. अर्धशीर्षक, शीर्षक, हक्क, अर्पण, अनुक्रम मिळून सहा. बेरीज १४७. छपाईचा फॉर्मा, म्हणजे एकत्र छापून घडी घातलेला पानांचा गठ्ठा, १६ पानांचा, नऊ फॉर्मे म्हणजे १४४. तीन पानं बाहेर राहिली. त्यासाठी अर्धा फॉर्मा वाढवला तर १५२ पानं होतात आणि शेवटची पाच कोरी जातात. दुसरा मार्ग आठशे शब्द कापण्याचा, आणि आमचा सल्ला कात्रीचाच. हे आठशे शब्द बहुतेक वेळा प्रवासातच सापडतात: घाट, टपरी, कांदाभजी, पुन्हा घाट.

संहितेसोबत एक कागद

आठ आडव्या ओळी आखा, कथेला एक. उभे रकाने सहा: ठिकाण, महिना आणि तिथी, मुक्काम किती रात्रींचा, कोण कोणाला 'तू' म्हणतं आणि कोण 'तुम्ही', दोघांच्या मध्ये काय आड येतं, शेवट कुठे होतो. कागद भरून झाला की तो उभा वाचा, आडवा नाही. एकेका रकान्यावरून खाली बोट फिरवलं की पुनरुक्ती आपोआप दिसते: पाच कथांत पाऊस पडून वीज जाते, चार कथा एसटी स्टँडवर संपतात, सहा कथांत दोघांमध्ये आड येतो तो केवळ संकोच.

स्वतंत्र म्हणून लिहिलेली कथा दिवाळी अंकात एकटीच छापली जाते तेव्हा वीज जाणं खपून जातं. संग्रहात वाचक दोन कथा एका बैठकीत वाचतो, आणि तिसऱ्यांदा मेणबत्ती शोधायला लागले की त्याला हसू येतं. म्हणून आमचा नियम: अख्ख्या संग्रहात वीज एकदाच जाईल, चुकून एकच खोली एकदाच बुक होईल, पाय एकदाच मुरगळेल.

क्रम लावताना पहिली कथा छोटी आणि मध्यम आचेची ठेवा, कारण पुस्तक दुकानात चाळणारा तिचीच दोन पानं वाचतो. सगळ्यात धगीची कथा तिसरी किंवा चौथी असावी. ती शेवटी ठेवली की आधीच्या सात तिची तयारी वाटतात आणि वाचक पानं उलटत तिच्याकडे धावतो. एकाच गावातल्या दोन कथा शेजारी नकोत.

चंद्र, भरती आणि मासळी

सर्वांत जास्त दुरुस्त्या याच भागात निघतात. या कथांचा वाचक तारकर्ली-हर्णैला चारदा जाऊन आलेला असतो. दोघं वाळूत बसलेली असताना त्याला तपशील खटकला की तो कथेतून उठतो, आणि मग कितीही नाजूक वाक्य लिहा, तो परत येत नाही.

आपला किनारा पश्चिमेकडचा आहे. सूर्य समुद्रात मावळतो, तिथून उगवत नाही. पौर्णिमेचा चंद्रही सूर्यास्ताच्या सुमारास पाठीमागून, डोंगराच्या आणि माडांच्या बाजूने वर येतो. समुद्रात तो बुडतो पहाटे. 'लाटांतून वर येणारा पूर्ण चंद्र' कोकण-गोव्याच्या कथेत आला की आम्ही लाल खूण करतो. समुद्रावरच चंद्र हवा असेल तर बीज-तीजेची कोर घ्या. ती सूर्यास्तानंतर तास-दोन तासांत पाण्यात मावळते, म्हणजे पुढचा अंधारही फुकट मिळतो. मध्यरात्री उगवणारा चंद्र हवा असेल तर कृष्ण अष्टमी.

भरतीचा कोळ्यांचा हिशोब सोपा आहे: तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणा, जो आकडा येईल त्या सुमाराला भरती. अष्टमीला आठ गुणिले पाऊण म्हणजे सहा. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बारा, दुपारी आणि रात्रीही. म्हणून पौर्णिमेच्या मध्यरात्री रुंद, ओल्या वाळूवरून हातात हात घालून मैलभर चालणं जमत नाही. तेव्हा पाणी सुरूच्या बनाला लागलेलं असतं. त्याच दिवशी संध्याकाळी सहाला मात्र ओहोटी असते. दोघं खडकापर्यंत चालत गेली, गप्पांत नऊ वाजले आणि परतीच्या वाटेवर गुडघाभर पाणी आलं, हे खरं घडू शकतं. कथेला घड्याळ हवं असेल तर ते इथे आयतं मिळतं, पाय मुरगळायची गरज नाही.

महिन्यांचंही तसंच. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. जुलैच्या धुवाधार पावसात ताज्या सुरमईचं ताट वाढू नका, सुकट-बांगड्यावर भागवा. हापूस एप्रिल-मेचा. गोव्यातले किनाऱ्यावरचे शॅक, म्हणजे तात्पुरत्या खानावळी, मेअखेर उतरवतात. कासची फुलं ऑगस्टअखेरीपासून, दिवाळीत पठार वाळलेलं असतं. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी थंडीतली. माथेरानला गाडी दस्तुरी नाक्यापर्यंतच जाते, त्यामुळे नायकाने हॉटेलच्या दारात कार लावली की कथा तिथेच अडते. आणि पावसाळ्यात नेरळहून वर येणारी छोटी गाडी बंद असते, अमन लॉज ते माथेरान एवढीच धावते. ही अडचण वाटत असेल तर उलटं बघा: बॅगा घेऊन लाल चिखलातून चालणारी दोन अनोळखी माणसं, ही कथेची सुरुवात झालीच.

'तुम्ही'चा 'तू' कधी होतो

इंग्रजीतल्या प्रणयकथा वाचून लिहिणारे लेखक मराठीतली सगळ्यात मोठी सोय विसरतात. आपल्याकडे पहिल्या स्पर्शाआधी सर्वनाम बदलतं. 'तुम्ही चहा घेणार?' आणि 'तू चहा घेणार?' यांच्यामध्ये अर्धी कथा बसते. हा बदल नेमका कोणत्या ओळीत होतो ते संहितेत अधोरेखित करून पाठवा. आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच संहितांत तो नकळत, कुठेतरी नवव्या पानावर होऊन जातो आणि अकराव्या पानावर पात्रं पुन्हा 'तुम्ही'वर येतात. चूक म्हणून ते वाईट दिसतं. ठरवून केलं तर उत्तम: रात्री 'तू' म्हणालेली बाई सकाळी नाश्त्याला चारचौघांत 'तुम्हाला साखर?' विचारते, आणि दोघांनाच ते कळतं.

दोन्ही पात्रं स्त्रिया किंवा दोन्ही पुरुष असतील तर 'तिने तिच्या हातावर तिचा हात ठेवला' असलं वाक्य वाचकाला कोड्यात टाकतं. नावं वापरा, किंवा एकीला निवेदक करा. 'मी' आलं की गुंता सुटतो.

शरीराच्या शब्दांची अडचण खरी आहे. मराठीत एका टोकाला वैद्यकीय संस्कृत, दुसऱ्या टोकाला शिव्या, आणि मधलं दुकान जवळपास बंद. त्यावर उपाय म्हणून नवे शब्द घडवू नका, क्रियापदांकडे जा. उदाहरणार्थ:

'त्याने तिच्या अधरांचे प्रदीर्घ चुंबन घेताच तिच्या सर्वांगातून विद्युल्लहर दौडली.'

याऐवजी:

'तिने त्याच्या शर्टाचं वरचं बटण लावलं. मग काढलं. "उकडतंय," ती म्हणाली. पंखा पाचावर होता.'

दुसऱ्या उताऱ्यात एकही धीट शब्द नाही, तरी धग जास्त आहे. पुढे किती उघड लिहायचं हे लेखकाने ठरवायचं. आम्ही प्रत्येक कथेला मंद, मध्यम किंवा प्रखर अशी खूण करतो आणि प्रखर कथा दोनपेक्षा जास्त असतील तर मलपृष्ठावर 'प्रौढांसाठी' छापतो. ज्याला सौम्य प्रेमकथा हवी होती तो वाचक फसवलं गेल्याच्या रागात परत येतो. ज्याला हवं तेच मिळालं तो दुसरं पुस्तक मागतो.

मालवणी किंवा कोंकणी संवाद असतील तर तिथल्या माणसाकडून वाचून घ्या. 'खंय' आणि 'कुठे' एकाच तोंडी आले की पात्र मोडतं.

कायद्याबद्दल, थोडक्यात पण नीट

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. अश्लील पुस्तक छापणं-विकणं कलम २९४ खाली येतं (पूर्वीचं २९२). पहिल्या दोषसिद्धीला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. साहित्य, कला, विज्ञान यांच्या हितासाठी केलेल्या प्रकाशनाला याच कलमात अपवाद आहे. १८ वर्षांखालच्या मुलाला असं पुस्तक विकणं कलम २९५ मध्ये. तोच मजकूर ई-पुस्तक म्हणून काढला की माहिती तंत्रज्ञान कायद्याची ६७ आणि ६७-अ ही कलमं लागतात आणि तिथल्या शिक्षा कडक आहेत. कागदावर निभावतं ते पडद्यावर निभावेलच असं धरू नका.

मराठी लेखकाला माहीत असावा असा खटला घरचाच आहे. 'रंभा'च्या १९६२ च्या दिवाळी अंकातल्या चंद्रकांत काकोडकरांच्या कथेला मुंबई उच्च न्यायालयाने अश्लील ठरवलं. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कथा समग्र वाचून त्यांना निर्दोष सोडलं. २०१४ च्या एका निकालात त्याच न्यायालयाने सुट्या उताऱ्यांवरून अश्लीलता ठरवणारी जुनी इंग्रजी 'हिकलिन' कसोटी बाजूला सारून आजच्या समाजाच्या मानकांवर तोलायला सांगितलं. लेखनाच्या दृष्टीने याचा उपयोग एवढाच: सुटा काढून वाचला तरी कथेचा भाग वाटेल असा प्रसंग लिहा.

एका बाबतीत आम्ही तडजोड करत नाही. प्रत्येक पात्राचं वय १८ पूर्ण असल्याचं कथेतून स्पष्ट कळलं पाहिजे. 'बारावीच्या सुट्टीत' सुरू होणारी कथा आम्ही परत पाठवतो. तसंच, प्रसंगात दोघांचीही मर्जी दिसली पाहिजे. 'ती नाही नाही म्हणत होती, पण' या वाक्याला आमच्याकडे जागा नाही. शिवाय ते लिहिणाऱ्याला कथा कुठे न्यायची हे सुचलेलं नसतं.

हॉटेल, होमस्टे, बोटीचा मालक यांची खरी नावं नकोत. गाव खरं, वाडी खरी, खोलीचं नाव काल्पनिक.

आधी छापलेल्या कथा आणि गाणी

कथा आधी दिवाळी अंकात किंवा ॲपवर आली असेल तर तेव्हाचा करार शोधा. हक्क लेखी दिले असतील आणि मुदत लिहिली नसेल तर कायद्याने ती पाच वर्षं धरली जाते. ॲपच्या अटींत मुदत लिहिलेली असते, ती वाचा.

सुट्टीच्या कथेत गाडीतलं गाणं हटकून येतं. गाण्याचं नाव घ्यायला हरकत नाही, ओळी छापायला परवानगी लागते; गीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क टिकतो. पात्राला गुणगुणू द्या, शब्द नकोत.

फॉन्ट, प्रूफ, कागद

संहिता युनिकोडमध्ये पाठवा. जुन्या फॉन्टमधून रूपांतर करताना 'दुसऱ्या' चं 'दुसर्या' होतं, जोडाक्षरावरची ऱ्हस्व वेलांटी एक अक्षर सरकते, आणि 'शृंगार' हमखास मोडतो. या संग्रहात तो शब्द किती वेळा येणार ते तुम्हीच जाणा. प्रूफं दोन मिळतील. पहिल्यात वाक्यं बदला. दुसऱ्यात फक्त चुका, कारण तिथे एक परिच्छेद वाढला की पुढची सगळी पानं ढळतात आणि १४४ चं गणित पुन्हा मांडावं लागतं.

आतला कागद ७० जीएसएम (चौरस मीटरला ७० ग्रॅम वजनाचा), नॅचरल शेड घ्या. पांढऱ्याशुभ्र कागदावर रात्री वाचताना डोळे दुखतात, आणि ही पुस्तकं रात्रीच वाचली जातात. मुखपृष्ठ ३०० जीएसएम, मॅट लॅमिनेशन. कणा साधारण आठ मिलिमीटर येतो, त्यावर शीर्षक तीन-चार शब्दांचंच ठेवा. जुलै-ऑगस्टमध्ये बांधणी केली तर हवेतल्या दमटपणाने मुखपृष्ठ बाहेरच्या बाजूला वळतं, कारण लॅमिनेशन एकाच अंगाला असतं आणि आतली बाजू ओल शोषून फुगते. बांधणीनंतर दोन दिवस गठ्ठे दाबाखाली ठेवतो. त्याआधी प्रती मागू नका. मुखपृष्ठावर मिठी मारलेलं जोडपं टाळा. दोन चपला, ओला टॉवेल, खोलीची किल्ली यांतलं काहीही चालेल, आणि असं पुस्तक लोकलमध्येही उघडता येतं.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, भारतात विनामूल्य मिळतो, अर्ज तुमच्या नावाने आम्ही भरतो. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशनानंतर ३० दिवसांत कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय यांच्यासह ठरलेल्या ग्रंथालयांना प्रती स्वखर्चाने पाठवाव्या लागतात. त्या प्रती आम्ही बाजूला काढून ठेवतो. टपालखर्च बिलात वेगळा दिसेल.