‘बॉम्बे’ रक्तगट मुंबईवाल्यांचाच?

परभणी काय, लातूर काय, रक्तदान शिबिरात बिस्किटं खाताना हे ऐकायला मिळतंच: “बॉम्बे ग्रुप मुंबईकडं सापडतो, आपल्याकडं कुठला?”

नावानं केलेला घोळ आहे हा. 1952 मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी हा गट पहिल्यांदा मुंबईत नोंदवला, म्हणून ते नाव. रक्ताला शहर कळत नाही. भारतात साधारण दहा हजारांत एक माणूस या गटाचा निघतो, युरोपात दहा लाखांत एखादा.

ए, बी हे प्रतिजन, म्हणजे गट ठरवणाऱ्या पेशींवरच्या खुणा, ज्या ‘एच’ नावाच्या पायावर उभे राहतात, तो पायाच या लोकांच्या तांबड्या पेशींवर नसतो. त्यासाठी आई आणि बाप दोघांकडूनही सदोष जनुक यावं लागतं. मामाची पोरगी करायची रीत आपल्याकडं जुनी. नात्यातल्या लग्नात असं जनुक दोन्ही बाजूंनी येण्याची शक्यता वाढते. तेव्हा मराठवाड्यानं निर्धास्त राहायचं कारण नाही.

खरी गोम पुढंच. नुसत्या पेशी तपासल्या तर हा गट ‘ओ’ दिसतो. पण यांच्या रक्तद्रवात एचविरोधी प्रतिपिंडं, म्हणजे एच असलेल्या पेशींवर हल्ला करणारी प्रथिनं, असतात आणि ‘ओ’च्या पेशींवर एच भरपूर! म्हणजे “ओ निगेटिव्ह कुणालाही चालतं” हा दुसरा लाडका समजही इथं कोसळतो. ते रक्त चढवलं तर जीवावर बेतू शकतं. रक्तद्रवात ठाऊक असलेल्या गटांच्या पेशी मिसळून उलट तपासणी केली, त्यात ‘ओ’च्या पेशींच्याही गुठळ्या झाल्या, की शंका येते. अशा रुग्णाला बॉम्बे गटाचंच रक्त लागतं.