गुटख्यावर बंदी, विडीवर फक्त इशारा: हा फरक आला कुठून?

सोलापुरात टपरीवर गुटख्याची पुडी सापडली तर गुन्हा दाखल होतो. विडीचं बंडल मात्र त्याच टपरीवर उघड विकता येतं. तंबाखू दोन्हींत आहे. फरक पडला तो दोन्हींची नोंद वेगवेगळ्या कायद्यांत झाल्यामुळे.

महाराष्ट्राने गुटख्यावर पहिली बंदी २००२मध्ये घातली, अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याखाली, पाच वर्षांसाठी. उत्पादक सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २००४मध्ये ती रद्द झाली. बंदीसाठी वापरलेल्या कलमाखाली राज्याच्या अन्न अधिकाऱ्याला तात्पुरती मनाई करता येते, सरसकट बंदी घालणं केंद्राचं काम, असं न्यायालयाने म्हटलं.

वाट मोकळी झाली २००६च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याने. त्याच्या कलम ३०नुसार अन्न सुरक्षा आयुक्त लोकांच्या आरोग्यासाठी एखादा अन्नपदार्थ जास्तीत जास्त एक वर्ष बंद ठेवू शकतात. २०११च्या नियमाने अन्नपदार्थात तंबाखू आणि निकोटिन घालायला मनाई केली. सुपारी, कात, चुना घातलेला गुटखा अन्नात मोडतो, म्हणून जुलै २०१२मध्ये महाराष्ट्रात बंदीचा आदेश निघाला, गुटख्यावर आणि पानमसाल्यावरही. ही बंदी कायमची आहे असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात मुदत वर्षाचीच, दरवर्षी नवा आदेश काढावा लागतो.

नुसता गुटखा बंद झाला तिथे उत्पादकांनी लगेच पळवाट शोधली. पानमसाल्याची एक पुडी, तंबाखूची दुसरी. गिऱ्हाईक दोन्ही तळहातावर मिसळून तोंडात टाकतं. महाराष्ट्राने पानमसाल्यापाठोपाठ सुगंधी तंबाखू आणि सुगंधी सुपारीही बंदीत ओढली. कर्नाटकात २०१३मध्ये गुटखा बंद झाला, तरी तंबाखू नसलेला पानमसाला तिथे चालतो. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर तालुक्यांची हद्द कर्नाटकाला लागून आहे, त्यामुळे पलीकडचा रीतसर माल हद्द ओलांडली की इकडे बेकायदा ठरतो. मावा पकडणं त्याहून अवघड. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या कागदात घोटून तो टपरीवरच तयार होतो. त्याला ना लेबल, ना कारखाना.

विडी अन्न नाही. तिला लागू होतो २००३चा तंबाखू कायदा: अठरा वर्षांखालच्यांना विक्री नाही, शाळा-कॉलेजपासून शंभर यार्डांत विक्री नाही, वेष्टनावर चित्रासह इशारा. एप्रिल २०१६पासून तो वेष्टनाच्या ८५ टक्के भागावर छापावा लागतो. पण सुटी विडी घेणाऱ्याला वेष्टन दिसतच नाही, म्हणून सप्टेंबर २०२०मध्ये राज्याने सुट्या विडी-सिगारेटची विक्रीही बंद केली. हा आदेश टपऱ्यांवर नीट पाळला गेला तरच त्या ८५ टक्क्यांना अर्थ आहे.

२०१७मध्ये जीएसटी आला तेव्हा सिगारेटवर भरपाई उपकर (राज्यांच्या महसुलाची तूट भरून काढण्यासाठीचा जादा कर) लागला, विडीवर नाही. यामागे रोजगाराचा मुद्दा होता, आणि सोलापुरात तो खोटा नाही. कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीतली दहा हजार घरं विडी कामगार बायांचीच आहेत. तेंदूचं पान भिजवायचं, साच्यावर कात्रीने कापायचं, जर्दा म्हणजे तंबाखूचा चुरा भरून वळायचं, दोऱ्याने बांधायचं. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने, आणि ‘छाट’ म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचा तोटा वळणारीच्या माथी. आमच्या मते उपकराची सूट या बायांच्या नावाने मिळाली असेल, तर दुसऱ्या कामाचं शिक्षण आणि तोवरची मजुरी हाही त्याच हिशेबाचा भाग असायला हवा. जर्द्याची धूळ त्यांच्याच नाकातोंडात जाते, आणि विक्रीवर बंधनं घालणाऱ्या या दोन्ही कायद्यांत तिच्याबद्दल काही नाही.